आरशात ओठ सारखेच दिसतात, मग माझा उच्चार चुकतो कुठे?

दोन_टिंबांची_आजी

नमस्कार मंडळी. वय 61, आणि सध्या जर्मन शिकते आहे. नोकरीसाठी नाही, परीक्षेसाठी तर नाहीच. नात पाच वर्षांची आहे, तिकडेच जन्मली. व्हिडिओ कॉलवर मी तिला तिच्या भाषेतलं गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचं असं आमचं ठरलंय. ती उदार मनाने ऐकते, पण ओळ संपायच्या आत दोनदा थांबवते.

परवाचं उदाहरण. गोष्टीतला बेडूक फुलपाखराला म्हणतो, ‘तू सुंदर आहेस.’ मी वाचलं, ‘दू बिस्ट शोन.’ नात विचारते, ‘शोन वास?’ म्हणजे ‘आधीच काय?’ कारण ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. सुंदरसाठीच्या शब्दात त्या ओ वर दोन टिंबं असतात आणि तो उच्चार वेगळा. तर माझ्या तोंडी ते फुलपाखरू आधीच काहीतरी होतं, काय ते कळलं नाही.

दुसरा शब्द दार. त्यात उ वर दोन टिंबं. मी वहीत देवनागरीत ‘ट्यूर’ असं लिहून घेतलं होतं. तसं वाचलं तर नात म्हणते, ‘आजी, मध्ये य कशाला?’ य काढला तर ‘टूर’ झालं, आणि तो त्यांच्याकडे सहलीचा शब्द. म्हणजे दार उघडायला गेले आणि सहलीला निघाले.

मी हट्टी आहे. व्हिडिओमध्ये ती ‘दार’ म्हणते तिथे चित्र थांबवलं, शेजारी आरसा ठेवला आणि माझं तोंड तिच्या तोंडाशी ताडून पाहिलं. तिच्या ओठांचा चंबू, माझ्याही ओठांचा चंबू. तिचा लहान आणि माझा सुरकुतलेला, एवढाच फरक. शाळेत पाठ केलेलं अजून आठवतं: उ, ऊ, प, फ, ब, भ, म ओष्ठ्य. म्हणजे सगळा खेळ ओठांचा. मग ओठ जागच्या जागी असताना आवाज वेगळा का येतो? की 61 व्या वर्षी हे होणारच नाही? तसं असेल तर तेही स्पष्ट सांगा, मी बेडकाला गप्प बसवते.

अवग्रह

म्हणजे चंबू करून सेल्फी काढणाऱ्यांना जर्मन लवकर येत असणार. आजी, तुम्ही चुकीच्या पिढीत जन्मलात.

उपध्मानीय

थोडं शास्त्र सांगतो. आपल्या व्याकरणपरंपरेत उ, ऊ आणि पवर्ग यांचं स्थान ओष्ठ. ओ आणि औ यांची मात्र दोन स्थानं, कंठ आणि ओठ: ‘ओदौतोः कण्ठोष्ठम्’. व दंतोष्ठ्य. माझ्या नावातला उपध्मानीय हाही ओष्ठ्यच. प, फ च्या आधी येणारा विसर्ग ओठांतून हलकी फुंकर घातल्यासारखा म्हणायचा, त्याला हे नाव आहे. आता तो म्हणणारे फारसे उरले नाहीत.

तेव्हा तुम्ही योग्य जागी पाहत आहात. माझ्या मते तुमचा चंबू पुरेसा आवळलेला नसावा. मराठीत आपण ऊ बराच सैल म्हणतो. ओठ अजून पुढे काढा, मधलं भोक अजून लहान करा. सवयीचा भाग आहे, जमेल.

फुंकर

आजी, उपध्मानीयांचं ऐकून चंबू वाढवू नका, ओठ दुखतील आणि ‘टूर’च राहील. आरशाने तुम्हाला खरं तेच सांगितलंय. ओठ बरोबर आहेत. चूक आरशाला दिसत नाही तिथे आहे, जिभेत.

मी 27 वर्षं वाचोपचाराचं काम केलं, बहुतेक लहान मुलांबरोबर. आई-वडील हमखास मुलाच्या ओठांकडे बघत बसायचे, कारण तेवढंच दिसतं. जीभ बिचारी दातांआड सगळं काम करते आणि हिशेबात येत नाही.

स्वतःच्या तोंडात जरा लक्ष घाला. ई, ए म्हणताना जीभ पुढे असते आणि ओठ फाकलेले. ऊ, ओ म्हणताना जीभ मागे ओढलेली आणि ओठांचा चंबू. आ ला जीभ खाली, ओठ मोकळे. म्हणजे मराठीत नुसते ओठ पाहिले तरी जीभ पुढे आहे की मागे ते सांगता येतं. ही जोडगोळी जन्मभर हातात हात घालून चालली, त्यामुळे ही दोन वेगवेगळी कामं आहेत हेच आपल्याला ठाऊक नसतं. तुमची नात ज्या भाषेत वाढते तिथे ही गाठ सुटलेली आहे. दाराच्या शब्दात जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे. सुंदरच्या शब्दात जीभ ‘ए’ची, ओठ ‘ओ’चे. तुम्ही तिचे ओठ बघून चंबू केलात, आणि चंबू झाल्याबरोबर तुमची जीभ 61 वर्षांच्या सवयीने आपली मागे गेली.

आता वहीतलं ‘ट्यूर’. ते अगदीच चूक नाही. य मध्ये जीभ पुढे आहे, ऊ मध्ये ओठ गोल आहेत, दोन्ही माल आलाय. पण तो तुम्ही हप्त्यांनी देताय, आधी जीभ, मग ओठ. जर्मनला तो एकरकमी हवाय. देवनागरीत एकरकमी लिहायची सोय नाही, म्हणून त्या वहीतलं हे पान फाडून टाका.

करायचं काय ते सांगते. ऊ पासून सुरुवात करायची नाही, नेहमी ई पासून करायची.

कुजबुजत लांब ‘ई’ म्हणा. गळ्यातून आवाज काढायचा नाही, नुसती हवा. त्या कुजबुजीलाही एक सूर असतो, तो नीट ऐका. मग जीभ आहे तिथेच ठेवून ओठ हळूहळू पुढे आणा. सूर खाली उतरेल. थोडा उतरून थांबला तर तुम्ही पोचलात. विहिरीत बादली पडावी तसा धपकन खोल गेला तर जीभ मागे सरकली, परत ई वर या.

जीभ हलली की नाही हे कळायला दोन खुणा आहेत. ई म्हणताना जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना घासत असतात, चंबू केल्यावरही तो स्पर्श तसाच राहिला पाहिजे. दुसरी खूण, तोंडाचा आकार न मोडता हवा आत ओढा. ई च्या वेळी गारवा टाळूच्या पुढच्या भागाला लागतो, ऊ च्या वेळी पार मागे. तुम्हाला चंबू असताना पुढचा गारवा हवाय.

हे करूनही जीभ पळत असेल तर ओठांना काम सांगूच नका. ई चालू ठेवा आणि दोन बोटांनी दोन्ही गाल दाबून ओठ पुढे ढकला. मुलांना आपण गंमत म्हणून करतो तसं. ओठ तुम्ही हलवलेच नाहीत, तर जिभेला मागे जायचा निरोप जात नाही. माझा अनुभव असा की मुलांना हे पहिल्याच बैठकीत जमतं, मोठ्यांना चार-पाच दिवस लागतात कारण मोठ्यांना लाज वाटते. वयाचं म्हणाल तर अडचण तेवढीच.

सूर का उतरतो, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण सगळं कोडं तिथेच आहे. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी. प्रौढ पुरुषात ती साधारण 17 सेंटिमीटर लांब असते. जीभ कुठेच न उचलता ती सरळ धरली तर तिच्यात घुमणारे पहिले तीन सूर साधारण 500, 1500 आणि 2500 हर्ट्झच्या आसपास येतात. चंबू केला की नळी लांब होते आणि तिचं तोंड अरुंद होतं. दोन्ही गोष्टी त्या सुरांना खाली ओढतात. जीभ कुठे आहे त्यावर स्वर ठरतो, तोही याच सुरांच्या बदलातून. 1952 मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची मोजमापं आहेत. ई साठी पहिला सूर 270, ऊ साठी 300, म्हणजे जवळपास एकच, कारण दोन्हींत जीभ वर असते. दुसरा सूर मात्र ई साठी 2290 आणि ऊ साठी 870. ही एवढी मोठी उडी एकट्या जिभेची नाही. जीभ मागे जाते तेव्हा तो सूर उतरतो, ओठ गोल होतात तेव्हाही तोच सूर उतरतो. दोघं एकाच बाजूला ढकलतात, म्हणून ई आणि ऊ कानाला इतके लांब वाटतात की गोंगाटातही गल्लत होत नाही. बहुतेक भाषांनी ही जोडी जुळवून ठेवली आहे ती त्यासाठी. 562 भाषांच्या एका पाहणीत पुढची जीभ आणि गोल ओठ असले स्वर फक्त 37 भाषांत सापडले. तुमच्या नातीने नेमकी त्यातली एक निवडली, त्याला तुम्ही काय करणार!

दोन_टिंबांची_आजी

फुंकर ताई, दंडवत. दुपारी दार लावून घेतलं आणि गाल दाबून ‘ई’ केलं. आरशात मी माशासारखी दिसत होते. पण आवाज आला! आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज माझ्याच तोंडातून आला, दचकलेच.

मात्र बोटं काढली की जातो. आणि नुसता स्वर म्हणताना जमतो, पण त्याच्या आधी ट आला की बिघडतो. ट पर्यंत मी ठीक असते, मग ओठ गोल करायची घाई होते आणि त्या घाईत तो मेला य परत येतो. याला काही उपाय?

फुंकर

आहे. घाई होते, कारण तुम्ही उशिरा निघता.

आरशासमोर ‘ती’ म्हणायची तयारी करा, म्हणू नका. मग ‘तू’ म्हणायची तयारी करा, म्हणू नका. दोन्ही वेळा जीभ त वर टेकलेली आहे, आवाज शून्य. ओठ बघा. ‘तू’ च्या वेळी चंबू आधीच झालेला असतो. ‘सीता’ आणि ‘सूत’ घेऊन बघा, स सुद्धा दोन वेगळ्या तोंडांनी निघतो, आणि कान दिलात तर ‘सूत’चा स जरा जाड ऐकू येतो. ओठ नेहमी वेळेआधी हजर असतात. मराठीत हे तुम्ही न शिकता करता. जर्मन शब्दात मात्र तुम्ही व्यंजन संपवून मग ओठांना हाक मारताय, आणि तेवढ्या फटीत य शिरतो.

म्हणून ट च्या आधी चंबू. चंबू, मग ट, मग ‘ई’ म्हणते आहे असं मनात म्हणायचं. ऊ चा विचारसुद्धा करायचा नाही.

बिनटिंबी

आजींच्या उलट रोग मला होता, म्हणून लिहितो. मी तुर्की शिकलो. 1928 पासून त्यांची लिपी लॅटिन आहे आणि तिच्यात दोन आय आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. बिनटिंबाचा म्हणजे जीभ ‘ऊ’ची आणि ओठ फाकलेले. फुंकर यांनी सांगितलं त्याची बरोबर दुसरी बाजू. ऊ म्हणत राहायचं आणि हळूच हसायचं. मला हसताना जीभ पुढे न्यायची इतकी सवय की दोन महिने तो ‘इ’ होत राहिला.

पण त्या भाषेत गंमत अशी की ओठांचा आकार शब्दभर पुरवावा लागतो. ‘माझा’ हा अर्थ दाखवणारा प्रत्यय एकच, पण आधीचा स्वर पाहून त्याचं रूप बदलतं. ‘एव’ म्हणजे घर, माझं घर ‘एविम’. ‘कोल’ म्हणजे बाहू, माझा बाहू ‘कोलुम’. कारण ‘कोल’मध्ये ओठ गोल झालेत, ते लगेच सोडायचे नाहीत. डोळ्याच्या शब्दात आजींचा दोन टिंबांचा ओ आहे, म्हणून त्याच्यापुढे दोन टिंबांचा उ. आणि मुलीच्या शब्दात बिनटिंबाचा, म्हणून पुढेही बिनटिंबाचाच. मला हे व्याकरण म्हणून पाठ होत नव्हतं. ओठांचा आळस म्हणून घेतलं तेव्हा एका संध्याकाळी बसलं.

लांब कशाला जायचं, तमिळ माणसाचा शब्दाच्या शेवटी येणारा ऱ्हस्व उ ऐका. बऱ्याचदा ओठ गोल होतच नाहीत. आपण तो ऐकून चंबू करून म्हणतो आणि परके ठरतो. आणि बंगाली माणूस आपल्या साध्या अ लाही ओठ गोल करतो, ‘जल’चा ‘जॉल’ होतो. एकाच्या उ ला गोलावा नाही, दुसऱ्याच्या अ ला आहे. मग चंबू म्हणजे उ ही समजूत आपल्यापुरतीच.

उपध्मानीय

फुंकर यांचं पटलं. कुजबुजीचा प्रयोग मीही केला (दार लावून नाही, पण सौ. बाहेर गेल्यावर). चंबू वाढवायचा सल्ला मागे घेतो.

एक गोष्ट मात्र या निमित्ताने नव्याने लक्षात आली. ओ ची स्थानं दोन सांगितली, कंठ आणि ओष्ठ. उ चं एकच सांगितलं, नुसते ओठ. उ च्या वेळी जीभ मागे वर जाते त्याचा उल्लेखच नाही. इतकी वर्षं मी हे वाक्य शिकवलं आणि उ ला कंठ का नाही हे एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही, मीही नाही. संस्कृतात याने काही अडत नाही, कारण जीभ पुढे ठेवून ओठ गोल करणारा दुसरा स्वरच नाही, वेगळं कशापासून करायचं? आजी आरशात बघत बसल्या त्याला निदान अर्धं कारण आमच्या शाळेतलं पाठांतर आहे. नातीच्या स्वराला मी ‘तालव्योष्ठ्य’ म्हणेन, म्हणजे टाळू आणि ओठ दोन्हींचा. शब्द मी आत्ताच बनवला आहे.

आणखी दोन मुद्दे, मग थांबतो.

‘कृष्ण’ म्हणा. मराठी माणसाच्या तोंडी तो ‘क्रुष्ण’, हिंदी माणसाच्या तोंडी ‘क्रिष्ण’. फुंकर यांनी सांगितलेली तयारीची परीक्षा इथे घ्या. मराठीत क वरच ओठ गोल होतात, र यायच्या आधी. हिंदीत नाही. ऋ चा मूळ उच्चार आपण दोघांनीही हरवला. त्यांनी हरवताना ओठ फाकवले, आपण गोल केले. आपलाच उच्चार शुद्ध म्हणून भांडणाऱ्यांनी दोघांनी एकदा आरसा घ्यावा.

दुसरा मुद्दा असा की इंग्रजीतही आजींचा स्वर होता. उंदराला जुन्या इंग्रजीत ‘मूस’. त्याआधीच्या काळात अनेकवचनाच्या शेवटी इकार होता. तो इ पुढे येणार म्हणून लोकांची जीभ ऊ म्हणतानाच पुढे सरकू लागली, ओठ मात्र गोलच राहिले. झाला तालव्योष्ठ्य. मग शेवटचा इकार गळून पडला आणि एकवचन-अनेकवचनाचा सगळा भार त्या स्वरावर आला. पुढे इंग्रजांनी ओठही सैल सोडले, नुसती ई उरली, आणि ती ई कालांतराने ‘आय’ झाली. ‘माउस’चं ‘माइस’ होतं ते यामुळे. जर्मनांनी ओठ सोडले नाहीत. पाय ‘फूस’, पाय अनेक असतील तर ‘फ्यूसं’ (हप्त्यांनीच लिहितोय, माफी). इंग्रजीत त्याचंच ‘फुट’ आणि ‘फीट’. ‘फीट’ म्हणताना चंबू केलात की जवळपास त्यांच्या पायांपर्यंत पोचता.

अवग्रह

मी ऑफिसात बसून ‘फीट’ म्हणत चंबू करतोय. समोरची खुर्ची बदलून घेतली गेली आहे.

फुंकर

उपध्मानीय, ‘तालव्योष्ठ्य’ मी वापरणार, आधीच सांगून ठेवते.

एक भर. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. फ्रेंच बोलणाऱ्यांच्या ओठांत रुंद नळी ठेवली, म्हणजे ओठ आवळताच येणार नाहीत, आणि त्यांना ऊ म्हणायला लावलं. जीभ नेहमीपेक्षा आणखी मागे नेली तर ओठांची उणीव बरीच भरून काढता येते. पण बहुतेकांना ते पूर्ण जमलं नाही, काहींची जीभ तर आपली जुनी जागा सोडायलाच तयार नव्हती. जीभ आणि ओठ वेगवेगळे चालवायची ज्यांना जन्मापासून सवय त्यांची ही गत. तेव्हा आजी, तुमच्या जिभेवर रागावू नका.

दोन_टिंबांची_आजी

आठ दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, अवग्रह यांचेसुद्धा.

दार उघडलं. चंबू, मग ट, मग मनात ई. बोटं न लावता. य आला नाही. नातीने मान डोलावली आणि लगेच पुढचं पान उलटलं, तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं, मी चहाचा कप हातात घेऊन तसाच विसरले.

फुलपाखराचं वाक्य तीनदा वाचावं लागलं. ए ची जीभ धरून ठेवणं ई पेक्षा अवघड जातं मला, ती लगेच घसरते. ई ला निदान दाढांचा आधार आहे. तिसऱ्यांदा झालं. नात म्हणाली, ‘आता बरोबर. पण आजी, तू रागावलीस का?’ आरशात बघितलं तर खरंच, ओठ गोल करायच्या नादात भुवयाही एकत्र आल्या होत्या. बेडूक फुलपाखराला सुंदर म्हणतोय आणि चेहरा असा, की पुढच्या पानावर खाऊन टाकेल.

भुवया सोडवायचं काम आता चालू आहे. बदल्यात मी तिला ‘ळ’ दिलाय. ‘कमळ’ म्हण म्हटलं की ‘कमल’ येतं. काल तिनेही आरसा मागवला, तोंड हे एवढं उघडून पाच मिनिटं आत बघत बसली आणि म्हणाली, ‘आजी, इथे तर काहीच दिसत नाही.’